पाण्याशेजारची वीज

रनाळे हे नंदुरबार तालुक्यातील गाव. खोरे तापीचे म्हणायचे, पण मिरचीच्या आणि कापसाच्या रोपांना पाणी पाजायचे ते विहिरीचे वा कूपनलिकेचे, अशी या पट्ट्याची रीत आहे. उन्हाळा लागला की पारा चाळीस अंशांच्या वर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि माणसाचे सारे चित्त पाण्याभोवती फिरू लागते. विहिरीला किती पाणी आहे, मोटर किती वेळ चालली, कूलरमध्ये पाणी भरले की नाही, टाकी भरून वाहिली की काय, हेच घराघरातील बोलण्याचे विषय होतात. या परिसरात आमचे येणे-जाणे आता बऱ्याच वर्षांचे झाले. एवढ्या काळात एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली आहे. आपल्या घरात आणि शेतात पाणी जिथे जिथे आहे, तिथे तिथे त्याच्या शेजारी वीज येऊन बसली आहे. या शेजाराचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

पूर्वी हा शेजार नव्हता. विहिरीवर मोट चाले, बैल नाडा ओढीत, पाणी थारोळ्यात पडे. वसईकडच्या वाचकांना वाडीतला रहाट आठवत असेल. त्या काळी विहिरीचे भय एकच होते, पाय घसरून आत पडण्याचे. ते भय डोळ्यांना दिसत असे, म्हणून आई मुलाला काठापासून दूर ओढी. पुढे तेलावरची इंजिने आली आणि मग विजेची मोटर आली. १९६० साली महाराष्ट्र राज्याबरोबरच राज्याचे विद्युत मंडळही स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत खेडोपाडी तारा पोहोचल्या. १९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल नेल्या आणि त्या खोल पाण्याला वर आणण्यासाठी विजेवाचून गत्यंतर उरले नाही. विजेने शेतकऱ्याच्या बैलांचे कष्ट वाचवले, बायाबापड्यांच्या डोक्यावरचे हंडे उतरवले. हे उपकार आम्ही विसरत नाही. परंतु या नव्या शेजाऱ्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. विहिरीचा काठ दिसतो. ओल्या पत्र्यात उतरलेला प्रवाह दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका तरुण बापाच्या अंत्यविधीसाठी आम्हाला या भागातील एका वस्तीवर जावे लागले. दुपारी शेतातून येऊन तो अनवाणी कूलरमध्ये पाणी ओतीत होता. कूलर चालूच होता. खाली फरशी ओली होती. बादलीतील पाणी संपण्याआधीच तो कोसळला. घरच्यांना वाटले, ऊन लागले. दफनविधी आटोपल्यावर आम्ही ओट्यावर बसलो, तेव्हा त्याची पत्नी हळू आवाजात म्हणाली, "फादर, आठ दिवसांपासून कूलरला हात लावला की झिणझिण्या यायच्या. हे म्हणायचे, चपला घालून हात लावत जा." आम्ही तो कूलर पाहिला. आतील पंपाची वायर पाण्याच्या काठावर सोलवटली होती. तिच्या पिनेला तीन पाय असायला हवे होते, होते दोन. आणि मूळच्या वायरमधील हिरवी तार कापून मागे दुमडून ठेवलेली होती.

जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी म्हणाले, "त्याचे आयुष्यच तेवढे होते." कोणी म्हणाले, "देवाची मर्जी." दुःखाच्या प्रसंगी माणूस अशा वाक्यांना धरून उभा राहतो, हे आम्ही जाणतो, आणि त्या दिवशी आम्ही कोणाशी वाद घातला नाही. परंतु ती कापलेली हिरवी तार आमच्या डोळ्यांपुढून हलेना. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरविद्या शिकलो. त्यात आम्हाला एक भेद शिकवला होता, देव जे घडवतो आणि माणूस जे घडू देतो त्यातला. भूकंप टाळणे आपल्या हाती नाही. हिरवी तार जोडणे आपल्या हाती आहे. जे आपल्या हाती आहे ते न करता त्याचे ओझे देवाच्या नावावर टाकणे, ही आम्हाला श्रद्धा वाटत नाही. तेव्हापासून या विषयातले थोडेफार समजून घ्यावे असे आम्ही मनावर घेतले. एका निवृत्त विद्युत अभियंत्याकडे बसून आम्ही विचारीत गेलो आणि त्यांनी न कंटाळता सांगितले. जे कळले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. या दाबाने शरीरातून किती प्रवाह वाहील, हे शरीर किती अडथळा करते यावर ठरते. कोरडी, जाड कातडी बराच अडथळा करते. तीच कातडी भिजली की हा अडथळा उतरून हजार ओहमच्या आसपास येतो. आता २३० ला हजाराने भागले, तर उत्तर येते २३० मिलिअँपिअर. हा आकडा घरातील दिव्याच्या मानाने क्षुल्लक वाटेल. परंतु मानवी देहाचा हिशेब वेगळा आहे. एक मिलिअँपिअर प्रवाह झिणझिण्यांच्या रूपाने जाणवतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरला स्नायू असे आखडतात की हातात धरलेली वस्तू माणसाला सोडता येत नाही. "करंटने धरून ठेवले" असे लोक म्हणतात ते हेच. आणि तीस मिलिअँपिअरच्या पुढे, प्रवाह काही क्षण टिकला तर, हृदयाचा ताल बिघडून ते नुसते थरथरू लागण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे ज्या झिणझिण्यांवर आपण चपलेचा उपाय करतो, त्या झिणझिण्या आणि मृत्यू यांच्यामध्ये पुष्कळदा एका ओल्या फरशीचेच अंतर असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ सालच्या अहवालात विजेच्या धक्क्याने देशात मृत्यू पावलेल्यांची संख्या बारा हजारांहून अधिक आहे. यातील प्रत्येक मृत्यूमागे एखादे अंगण आहे.

अलीकडे आमच्या भागात एक नवी हौस आली आहे. शहरात नोकरी-धंदा करून चार पैसे गाठीला बांधलेली मंडळी शेतात बंगला बांधतात आणि बंगल्यापुढे पोहण्याचा छोटा तलाव. वसई-अर्नाळ्याकडे तर हे चित्र जुनेच आहे. बावखलांत पोहायला शिकलेल्यांची नातवंडे आता निळ्या फरशीच्या तलावात पोहतात. पाण्यासाठी तडफडणाऱ्या मुलखात मुलांना पाण्यात खेळताना पाहून आनंदच होतो. अशाच एका बंगल्याला आशीर्वाद देण्यासाठी आम्हाला बोलावणे आले. तलाव भरून तयार होता. पाण्याखाली दिवे लावले होते, काठावर पोलादी शिडी होती, पाणी गाळण्याचा पंप एका कोपऱ्यात गुरगुरत होता. आम्ही मालकांना विचारले, "भाऊ, हे पाण्यातले दिवे किती व्होल्टचे?" त्यांनी वायरमनकडे पाहिले. वायरमन भला माणूस, हसून म्हणाला, "फादर, काही व्हत नही. वायर चांगली वापरली आहे."

चांगली वायर ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु तलावाच्या बाबतीत ती पुरेशी नाही. पाण्यात उतरलेल्या माणसाचे सारे शरीर भिजलेले असते. कोरड्या कातडीचे कवच त्याला नसते. पाण्यातील दिव्याचे वा पंपाचे आवरण फुटून प्रवाह पाण्यात गळू लागला, की तो जमिनीकडे वाट शोधतो. गोड्या पाण्यापेक्षा आपल्या देहातील क्षारयुक्त द्रव विजेला सुगम वाटतो, म्हणून प्रवाह पोहणाऱ्याच्या शरीरातून मार्ग काढतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा धोका तुलनेने कमी. तिथे पाणीच अधिक चांगला वाहक असते. तलावात हृदय बंद पाडण्याइतका प्रवाह लागतच नाही. हातपाय आखडतील इतका प्रवाह पुरतो. माणूस मग बुडून जातो. अंगावर भाजल्याची खूण नसते, किंकाळी नसते. लोक म्हणतात, चांगला पोहणारा होता, कसा बुडाला कोण जाणे. आणि त्याला काढायला जो उडी घेतो, तोही त्याच पाण्यात सापडतो.

म्हणूनच जगभर तलावांसाठी निराळे नियम आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या मानकात तलावाचे तीन पट्टे केले आहेत. पहिला पट्टा म्हणजे प्रत्यक्ष पाण्याची जागा. तिथे दिवा लावायचाच असेल तर तो बारा व्होल्टचा, तोही मुख्य पुरवठ्यापासून पूर्णतः अलग ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, आणि तो ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर. दुसरा पट्टा काठापासून दोन मीटरपर्यंतचा आणि तिसरा त्यापुढे दीड मीटरचा. या दोन्हींत काय बसवावे आणि काय बसवू नये यावर कडक बंधने आहेत. शिवाय शिडी, कठडे, पंपाचे धातूचे अंग, तलावाच्या सिमेंटमधील सळया हे सारे जाड तारेने एकमेकांना जोडून घ्यायचे असते. असे केले की या सर्वांवर विजेचा दाब सारखा राहतो, आणि एक हात शिडीला व दुसरा पाण्यात असलेल्या मुलाच्या देहातून प्रवाह वाहण्याचे कारण उरत नाही. आम्ही हे त्या गृहस्थांना समजावून सांगितले. त्यांना राग आला नाही. "मुलांपेक्षा दिवे मोठे नाहीत," असे म्हणून त्यांनी पाण्यातील दिवे बंद ठेवले, जाणकार माणसाकडून सारे तपासून घेतले आणि मगच मुलांना पाण्यात उतरू दिले. आशीर्वादाचा विधी आम्ही त्याच दिवशी केला. तलावाचा मात्र तपासणीनंतर.

तलाव मोजक्यांचे, विहिरी आणि शेततळी साऱ्यांची. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली आणि प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली तळी गावोगावी झाली. त्या निसरड्या अस्तरावरून घसरून मुले बुडतात, हा धोका आता लोकांना माहीत झाला आहे. पण त्याच तळ्यात पंप सोडलेला असतो, त्याची वायर जागोजागी जोडून पट्टी गुंडाळलेली असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात मुले विहिरीत आणि तळ्यात उड्या मारणारच. त्यांना एवढेच शिकवावे की मोटर चालू असलेल्या पाण्यात उतरायचे नाही. आधी मेन स्विच बंद करायचा आणि मगच पाण्याला पाय लावायचा. पाणबुडी मोटर वर काढताना तिच्या वायरला धरून ओढू नये. दोर निराळा बांधलेला असावा. लोखंडी पाइपवर कपडे वाळत घालू नयेत.

शेतातील स्टार्टरची पेटी हे आणखी एक दुखणे. झाकण उडालेले, आत पाली-सरडे, फ्यूजच्या जागी जाड तार. बरीच वर्षे शेतीला वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री मिळत आली. रात्रीच्या पाळीत शेतकरी अंधारात, चिखलात, अनवाणी त्या पेटीशी जातो. दिवसा वीज मिळावी ही त्याची मागणी सुखासाठी नव्हती, जिवासाठी होती. २०१७ पासून राज्याने सौर कृषिवाहिनीची योजना हाती घेतली, सौर पंपही आले, ही समाधानाची बाब आहे. मात्र सौर पंप म्हणजे निर्धोक, असा समज करून घेऊ नये. ऊन आहे तोवर त्या तावदानांतून दाब येतच राहतो, आणि मोठ्या पंपाच्या जोडणीत तो दोनशे-तीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. तेथेही ओल्या हाताला क्षमा नाही.

आता उपाय. पहिला उपाय अर्थिंगचा. जमिनीत पुरलेल्या पट्टीला वा नळीला हिरवी तार जोडलेली असते. उपकरणाच्या पत्र्यात प्रवाह उतरला, तर त्याने माणसाची वाट न धरता या तारेची वाट धरावी, हा तिचा हेतू. मिरची-कापसाच्या या कोरड्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डाही सुकून जातो आणि सुकलेली माती प्रवाह नीट घेत नाही. म्हणून त्यात अधूनमधून पाणी घालावे आणि वर्षातून एकदा ते मोजून घ्यावे.

परंतु एकट्या अर्थिंगवर विसंबून चालत नाही, हे आम्हाला त्या अभियंत्यांनी साध्या गणिताने दाखवले. समजा, घरच्या अर्थिंगचा अडथळा वीस ओहम आहे. २३० ला वीसने भागले की साडेअकरा अँपिअर येतात. घरातील सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडणारच नाही, कूलरचा पत्रा जिवंत राहील आणि घरचे म्हणतील, "एमसीबी आहे ना आपल्याकडे." एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणारे यंत्र निराळे, त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने लोक ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम गावच्या हिशेबनीसासारखे आहे. एका तारेने जेवढा प्रवाह घरात गेला, तेवढाच दुसऱ्या तारेने परत आला पाहिजे. तीस मिलिअँपिअरची जरी तूट आली, तरी ती कोणाच्या तरी देहातून जमिनीत गेली असेल असे मानून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील या प्राध्यापकांनी माणसाला हात सोडवता येईल असा प्रवाह किती, यावर दीर्घ अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून १९६१ साली घरगुती वापराचे असे यंत्र तयार केले. आज ते बाजारात सहज मिळते. त्यावर एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली पाहिजे. न गेल्यास ते यंत्र भिंतीवरची शोभा समजावे. एका चांगल्या कूलरच्या किमतीपेक्षा त्याची किंमत कमी आहे, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

तरीही अपघात झालाच तर? धक्का बसलेल्याला हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून सोडवावे. बाहेरच्या उच्च दाबाच्या तारेपाशी मात्र काठी घेऊनही जाऊ नये, वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद होईपर्यंत दूरच थांबावे. तलावात कोणी आखडलेले दिसले तर उडी घेऊ नये. वीज तोडावी, प्लॅस्टिकची रिंग वा कोरडा दोर फेकावा. आपणच पाण्यात असताना झिणझिण्या जाणवल्या तर लोखंडी शिडी न धरता, आलो त्या बाजूने परत फिरावे आणि इतरांना ओरडून सांगावे. मग १०८ ला दूरध्वनी करावा. माणूस श्वास घेत नसेल, तर वाहनाची वाट पाहत बसू नये. छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांच्या तळव्यांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाब देत राहावे. शिकलेला असेल त्याने तीस दाबांमागे दोन श्वास द्यावेत.

या उपचाराचा इतिहासही आम्हाला विचार करायला लावतो. तो शोधण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते विल्यम कौवेनहोव्हन डॉक्टर नव्हते. विद्युत अभियंते होते. तारांवर काम करताना मरणाऱ्या कामगारांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला आणि त्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वर्षानुवर्षे खपून, सहकारी डॉक्टरांसह त्यांनी १९६० साली छाती न उघडता हृदय चालू ठेवण्याची ही पद्धत जगापुढे मांडली. आज हृदयविकाराने कोसळलेले कितीतरी लोक तिच्यामुळे वाचतात. "आयुष्यच तेवढे होते" असे म्हणून ते थांबले असते, तर हे झाले नसते.

घराच्या आशीर्वादाला जातो, तेव्हा आम्ही आता खोल्याखोल्यांत पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर यजमानांना मीटरच्या पेटीपाशी नेतो आणि ते बटण दाबायला सांगतो. पहिल्यांदा लोक हसत. आता काही घरांत आम्ही पोहोचण्यापूर्वीच पोरे धावत येतात, "फादर, आम्ही दाबून पाहिले, गेली लाइट!" मंदिराच्या आवारातही आम्ही हाच नेम ठेवला आहे. नाताळच्या ताऱ्याची आणि गोठ्याची रोषणाई तपासल्यावाचून लागत नाही, आणि ओल्या हाताने कोणी ध्वनिक्षेपकाला शिवत नाही. आमच्या धर्मग्रामांत वायरमनचे काम जाणणारे तरुण आहेत, निवृत्त अभियंते आहेत. उन्हाळ्याआधीचे दोन रविवार त्यांनी गरिबांच्या घरचे कूलर आणि मोटरी तपासण्यास दिले, तर ती मोठी सेवा ठरेल. वाचकांनी आपल्यापुरते आज एवढे करावे. हा अंक खाली ठेवल्यावर घरातील कूलरची पिन एकदा पाहावी. तिला तीन पाय आहेत का, आणि हिरवी तार जोडलेली आहे का, हे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.